विंचेस्टरचा पाणबुड्या

गेल्या फेब्रुवारीत कामानिमित्त तीन आठवडे लंडनला होतो. शुक्रवारी संध्याकाळी नव्या प्रॉडक्टची टीम जाहीर झाली आणि तिच्यात माझं नाव नव्हतं. म्हणजे मी आपला मेंटेनन्सलाच! पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला कोड, लिहिणारे केव्हाच सोडून गेलेले, आणि तो पडू नये म्हणून खाली टेकू देत बसलेला मी. शनिवारी खोलीवर कुढत बसण्यापेक्षा वॉटर्लूहून गाडी पकडली आणि तासाभरात विंचेस्टरला उतरलो.

एकेकाळी ही वेसेक्सच्या राजांची राजधानी. आल्फ्रेड राजाच्या काळात, नवव्या शतकाच्या अखेरीस आखलेल्या रस्त्यांची चौकट आजही टिकून आहे. १०६६ मध्ये नॉर्मन आले आणि १०७९ मध्ये बिशप वॉकेलिनने नवं कॅथीड्रल बांधायला घेतलं. १०९३ मध्ये ते वापरात आलं आणि लगेच शेजारचं जुनं सॅक्सन चर्च पाडायला घेतलं. त्याचा आराखडा आता हिरवळीत विटांनी दाखवलाय. आमच्या भाषेत मायग्रेशन ;-) पण चौदाच वर्षांत, ११०७ मध्ये, नव्याचा मधला मनोरा कोसळला. असो.

खरी भानगड जमिनीखाली होती. इचिन नदीचं खोरं, थोडं खणलं की पाणी, आणि त्याखाली कुजलेल्या वनस्पतींचा मऊ थर. तेराव्या शतकात पूर्वेकडचा भाग वाढवला तो चक्क बीचच्या ओंडक्यांवर. सातशे वर्षं निभावलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र भिंती कलल्या, मोठमोठ्या भेगा पडल्या. पाया भरायचा तर खड्डे खणायला हवेत, आणि खड्ड्यात पाणी. ते उपसावं तर पाण्याबरोबर बारीक माती निघून येणार आणि भिंतच खाली बसणार!

तेव्हा फ्रान्सिस फॉक्स या इंजिनियरने सुचवलं, पाणी राहू द्या, पाणबुड्या उतरवा.

तो पाणबुड्या म्हणजे विल्यम वॉकर. १९०६ ते १९११, रोज सहा तास, सहा मीटरपर्यंत खोल. पाणी इतकं गढूळ की दिसायचं काहीच नाही. सगळं काम हातांनी चाचपून. पोशाख एवढा जड की जेवणाच्या सुट्टीत फक्त शिरस्त्राण काढायचं आणि पाइप ओढायचा. वॉकर तळाशी काँक्रीटची पोती रचायचा. तळ बंद झाला की मग पाणी उपसून गवंडी वरचं बांधकाम करायचे. एकूण २५,८०० पोती, १,१४,९०० काँक्रीटचे ठोकळे आणि ९ लाख विटा. सुट्टीला हा गडी सायकल मारत दक्षिण लंडनला घरी जायचा म्हणे!

१९१२ मध्ये राजा पाचव्या जॉर्जच्या उपस्थितीत आभाराची प्रार्थना झाली, वॉकरला मानचिन्हही मिळालं. १९१८ च्या फ्लूच्या साथीत तो गेला. १९६४ मध्ये कॅथीड्रलात त्याचा छोटा पुतळा बसवला. अंगावर पाणबुड्याचा पोशाख, आणि चेहरा... इंजिनियर फॉक्सचा! कुणीतरी फोटोत चुकीचा माणूस निवडला होता. चूक सुधारून नवा पुतळा यायला २००१ उजाडलं.

हे वाचून मी भर कॅथीड्रलात हसलो. मग जरा गप्प झालो. आमच्याकडे रिलीजनंतरच्या मेलमध्ये कुणाचे फोटो असतात ते आठवलं.

निघताना तळघर बघितलं. हिवाळ्यात तिथे अजूनही पाणी चढतं. त्या पाण्यात अँटनी गॉर्मलीचा एक पुतळा उभा आहे, ओंजळीत बघत. वर पोरांच्या गायनाची तालीम चालली होती. एवढा दगड डोक्यावर असून आपण निर्धास्त उभे आहोत, हे बाहेर पडल्यावर लक्षात आलं.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर आधी रविवार रात्रीचा बॅच जॉब तपासला. नीट चालला होता. कुणी काही बोललं नाही.

म्हणजे ठीकच झालं असणार.