वरच्या गटाचं दार कुणासाठी उघडायचं?

बॉयसी, आयडाहो
ऑक्टोबर 2025

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "तुमची ती निळ्या मैदानावरची पोरं एवढी जिंकतात, मग वरच्या गटात का नाहीत?" तेव्हा उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलोय. विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, तेव्हा पत्र लांबेल.

आधी इथली रचना सांगतो. तू कांगा लीग खेळलायस. एखादा क्लब पावसाळाभर चांगला खेळला की वरच्या डिव्हिजनमध्ये चढतो, वाईट खेळला की उतरतो. त्यासाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांत ही शिडीच नाही. इथली कॉलेजं 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत विभागलेली आहेत आणि त्यातले चार गट बडे: एसईसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह आणि एसीसी. पैसा, टीव्हीवरची चांगली वेळ, नावाजलेले प्रतिस्पर्धी, सगळं तिथेच. आत जायचं तर आमंत्रण लागतं आणि ते आत बसलेल्या विद्यापीठांचे अध्यक्ष मतदान करून देतात. मत देताना त्यांच्यापुढे मुख्य प्रश्न असतो तो हा, की हे कॉलेज आलं तर टीव्हीच्या पैशातला आपला वाटा वाढेल की घटेल? बिग टेनने 2022 मध्ये केलेला प्रक्षेपणाचा करार सात वर्षांचा आणि सात अब्ज डॉलरहून मोठा आहे. एवढ्या रकमेत नवा वाटेकरी कोण आनंदाने घेईल?

म्हणून आजवर बहुतेक वेळा खेळ नाही, शहर बघितलं गेलं. न्यू जर्सीचं रटगर्स 2014 मध्ये बिग टेनमध्ये गेलं ते न्यूयॉर्कच्या परिसरातल्या केबल ग्राहकांमुळे. त्या भागात बिग टेनची वाहिनी केबलच्या यादीत आली की सामना कुणी बघो न बघो, महिन्याचे पैसे घरटी वसूल. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर रटगर्सने त्या गटात अजून नाव घेण्यासारखं काही केलेलं नाही. आता तर लोक केबल सोडून चाललेत. ज्या हिशेबावर हा निर्णय झाला, त्या हिशेबाचाच पाया खचलाय.

आता आमच्या बॉयसी स्टेटकडे ये. 1932 साली दोन वर्षांचं ज्युनिअर कॉलेज म्हणून सुरू झालेली ही संस्था, चार वर्षांची पदवी देऊ लागली 1965 मध्ये. गावाची वस्ती 2020 च्या जनगणनेत सव्वादोन लाखांच्या थोडी वर. आजूबाजूला मोठं शहर नाही, नुसते डोंगर आणि पठार. टीव्हीवाल्यांच्या लेखी हे गाव नगण्य. 1986 मध्ये यांनी मैदानावर निळं टर्फ अंथरलं, तेव्हा देशभर लोक हसले असतील. आज ते मैदान बघायला लोक मुद्दाम येतात.

पण मी वकिली करतोय ती मैदानाच्या रंगाची नव्हे. 1 जानेवारी 2007 चा फिएस्टा बोल, म्हणजे मोसमाअखेरचा मानाचा फुटबॉल सामना, तू यूट्यूबवर शोधून बघच. समोर ओक्लाहोमा, या खेळातलं जुनं, श्रीमंत घराणं. एक मिनिट दोन सेकंद उरलेले असताना बॉयसीच्या झॅब्रान्स्कीचा पास ओक्लाहोमाच्या खेळाडूने मधेच पकडला आणि थेट टचडाऊन केला. 35-28. बॉयसीकडे चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न उरला होता आणि अठरा यार्ड हवे होते. पास ड्रिसान जेम्सने झेलला. तो आडवा धावत होता आणि बचावाचे सगळे खेळाडू त्याच्यामागे. तेवढ्यात उलट्या दिशेने आलेल्या जेरार्ड रॅबकडे त्याने चेंडू अलगद टाकला आणि रॅब सरळ गोलरेषेपार! सात सेकंद शिल्लक, 35-35.

जादा वेळेत ओक्लाहोमाच्या एड्रियन पीटरसनने पहिल्याच प्रयत्नात 25 यार्ड धावून टचडाऊन केला. बॉयसीनेही उत्तर दिलं, तेही चौथ्या प्रयत्नावर. आता एका गुणाची सोपी किक मारली की बरोबरी आणि पुढचा डाव. प्रशिक्षक ख्रिस पीटरसन यांचा मुख्य प्रशिक्षक म्हणून हा पहिलाच मोसम. त्यांनी किक नाकारली आणि दोन गुणांसाठी जायचं ठरवलं. फसलं तर सामना गेला. झॅब्रान्स्कीने उजवा हात उगारून पास फेकल्याचा आव आणला. हात रिकामा होता! चेंडू डाव्या हातात, पाठीमागे. इयन जॉन्सनने तो तिथून उचलला आणि मोकळ्या डाव्या बाजूने आत शिरला. 43-42. मी कितीदा बघितलंय तरी त्या रिकाम्या हाताशी दर वेळी अंगावर काटा येतो.

त्या मोसमात देशात एकही सामना न हरलेला संघ हा एकच. तेरापैकी तेरा जिंकले आणि शेवटच्या क्रमवारीत पाचवे. विजेतेपदासाठी खेळायची संधीच मिळाली नाही, कारण गट लहान. याहून मोठा अन्याय कुठल्या खेळात होत असेल मला सांग.

पुढेही 2010 आणि 2014 चा फिएस्टा बोल यांनी जिंकला. 2011 च्या डिसेंबरात बिग ईस्टने फुटबॉलसाठी बोलावलं, पण तो गटच मोडायला लागला आणि वर्षभराने बॉयसीने आपल्या माउंटन वेस्ट या लहान गटातच राहायचं ठरवलं. 2016 मध्ये बिग ट्वेल्व्हने एकामागून एक कॉलेजांना मुलाखतीला बोलावलं, तपासलं, ताटकळत ठेवलं आणि शेवटी कुणालाच घेतलं नाही. पैशाची ओढाताण काय करते तेही ऐक. 2017 मध्ये बॉयसी स्टेटने कुस्ती बंद केली, बेसबॉल सुरू करण्यासाठी. ते बेसबॉलही पहिल्याच मोसमानंतर 2020 मध्ये बंद. कुस्तीचा आखाडा बंद होणं म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको.

एवढं होऊनही 2024 मध्ये बॉयसीच्या ॲश्टन जेंटीने धावून 2,601 यार्ड काढले. एका मोसमात याहून जास्त फक्त बॅरी सँडर्सचे, 1988 मध्ये, 2,628. जेंटीची उभं राहण्याची ढब वेगळीच: बाकीचे वाकून, मांडीवर हात टेकून सज्ज असतात, हा हात मोकळे सोडून ताठ उभा, जणू बसची वाट बघतोय. बड्या कॉलेजांकडे जास्त पैसे मिळत असताना तो इथेच राहिला. त्या वर्षी बॉयसी स्टेटला राष्ट्रीय प्लेऑफमध्ये तिसरं मानांकन मिळालं. उपांत्यपूर्व फेरीत पेन स्टेटकडून 31-14 असा पराभव झाला, पण त्या टप्प्यावर पोचणं हीच केवढी मजल.

तू म्हणशील, लहान गटात जिंकणारे मोठ्यांत गेले की आपटतात. कधीकधी खरंच आपटतात. सिनसिनाटी आणि यूसीएफ 2023 मध्ये बिग ट्वेल्व्हमध्ये गेले आणि फुटबॉलमध्ये पहिली दोन वर्षं त्यांना जड गेली. पण पहिली दोन वर्षं त्यांना पैशाचा वाटाही अपुराच होता, हे कोण बघतो? उलट टीसीयू बघ. 1996 मध्ये त्यांचा जुना साउथवेस्ट गट मोडला, तेव्हा टेक्सासच्या बड्यांनी आपापली सोय केली आणि यांना मागे सोडलं. हे लहान गटांतून खेळत राहिले, 2011 च्या रोझ बोलमध्ये विस्कॉन्सिनला हरवलं, 2012 मध्ये बिग ट्वेल्व्हमध्ये आले आणि दहा वर्षांनी मिशिगनला 51-45 हरवून राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचले. तिथे जॉर्जियाने 65-7 चिरडलं, मान्य. पण पोचले. युटानेही 2011 मध्ये वर आल्यावर 2021 आणि 2022 असं लागोपाठ तेव्हाच्या बड्या पॅक-12 गटाचं विजेतेपद घेतलं. हे दोघेही आधी मैदानावर सिद्ध झालेले होते.

डॅलसच्या एसएमयूची वाट मात्र मला पटत नाही. एसीसीत प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी टीव्हीच्या पैशावर नऊ वर्षं पाणी सोडलं. माजी विद्यार्थी धनाढ्य, म्हणून परवडलं. पोरं छान खेळली, पहिल्याच वर्षी गटाच्या अंतिम सामन्यात गेली, त्यांचं कौतुकच आहे. पण ज्यांच्याकडे तेलाचे पैसे नाहीत त्यांनी काय गहाण टाकायचं?

बॉयसीखालोखाल माझं मत मेम्फिसला. या शहरात 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्या जखमेने दुभंगलेल्या गावाला पाच वर्षांनी बास्केटबॉलच्या संघाने एका बाजूला बसवलं. लॅरी फिंच आणि रॉनी रॉबिन्सन ही गावातलीच कृष्णवर्णीय पोरं संघाला 1973 च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात घेऊन गेली. तिथे यूसीएलएच्या बिल वॉल्टनने एकट्याने 44 गुण केले, त्याला कोण काय करणार! तो संघ आजही गावात घरच्यासारखा आठवला जातो. फुटबॉलही आता दमदार आहे, 2024 मध्ये अकरा विजय. सहा लाखांवर वस्तीचं शहर, तरी बड्यांचं बोलावणं दर वेळी शेजाऱ्याच्या दारावरून परत जातं.

स्पोकेनचं गोंझागा फुटबॉल खेळतच नाही, म्हणून मोठे गट त्याचा विचार करायला कचरतात. सहा हजारांचं सभागृह असलेलं हे जेझुइट कॉलेज 1999 पासून बास्केटबॉलच्या प्रत्येक राष्ट्रीय स्पर्धेत खेळलंय आणि दोनदा अंतिम सामन्यात पोचलंय. बास्केटबॉलचे गट फुटबॉलपासून वेगळे केले तर हा प्रश्न उद्या सुटेल.

पुढच्या जुलैत बॉयसी आणि गोंझागा दोघंही पॅक-12 मध्ये जाणार आहेत. नाव जुनं, मानाचं. पण यूसीएलए, ओरेगॉन, स्टॅनफर्ड सगळे निघून गेलेत. 2024 मध्ये ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट दोघंच उरले होते. पाटी मिळाली, घरातला पैसा गेला. आणि पैशाचा प्रश्न आता जास्तच तातडीचा झालाय. यंदाच्या जुलैपासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, वर्षाला 20.5 दशलक्ष डॉलरपर्यंत. बड्या गटांना तेवढं टीव्हीच मिळवून देतं. लहान गटातल्या कॉलेजाने कुठून आणायचे? आणखी दहा वर्षं ताटकळत ठेवलं तर पुढचा जेंटी इथे थांबणार नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बिग ट्वेल्व्हने पुढची जागा काढली की पहिलं आमंत्रण बॉयसी स्टेटला, दुसरं मेम्फिसला, आणि दोघांनाही पहिल्या वर्षापासून पूर्ण वाटा द्यावा. तू तो 2007 चा सामना बघ आणि तुला काय वाटतं ते मोकळेपणाने कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना मित्र