आरशाविना

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी कोणी शिक्षक झाले, कोणी वनरक्षक, कोणी वकील. मी ब्रह्मपुरीत फोटोग्राफर झालो. स्मरणिकेत गुरुजनांचे ऋण आधी व्यक्त करण्याचा प्रघात आहे. ते ऋण शिरोधार्य मानून मी माझ्या धंद्यातील एका अडचणीविषयी लिहितो, कारण तिचा शेवट शाळेच्याच अंगणात झाला.

अकरा वर्षे माझ्या हाती डीएसएलआर कॅमेरा होता. त्यात लेन्सच्या मागे तिरका आरसा असतो. तो प्रकाश वर वळवतो आणि समोरचे दृश्य थेट डोळ्याला दिसते. बटण दाबताच आरसा उचलला जातो, ‘खट्’ असा आवाज होतो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. मिररलेस कॅमेऱ्यात हा आरसाच नसतो. सेन्सरने पाहिलेले चित्र डोळ्यासमोरच्या इवल्या पडद्यावर उमटते. 2018 साली निकॉन आणि कॅनन या दोघांनीही फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरे बाजारात आणले आणि पुढे धंद्याची दिशाच बदलली. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचे शटर झिजले, तेव्हा मी कर्ज काढून मिररलेस घेतला. हात तोच, डोळा तोच. नवीन शिकायचे ते काय, असे वाटले होते.

पहिल्याच मंगल परिणयात तो भ्रम फिटला. आरशातून पाहायला वीज लागत नसे. एका बॅटरीत सकाळपासून पाठवणीपर्यंतचे काम उरकत असे. नव्या कॅमेऱ्यात सेन्सर आणि पडदा सतत वीज खातात. पंगत बसण्याआधीच बॅटरी संपली. त्यात फ्लॅशसाठी माझा जुना, साधा ट्रिगर लावला, तर पडदा काळाठिक्कर. फ्लॅशचा उजेड हिशेबात न धरता कॅमेरा मला अंधारा फोटो आधीच दाखवत होता. वधूवर हसू रोखून उभे, आणि मी घामाघूम होऊन बटणे चाचपतो आहे. एका सेटिंगने तो प्रश्न सुटतो, हे मला आठवड्याने कळले.

मग झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम आला. वैनगंगेपलीकडील वडसा हे या रंगभूमीचे माहेरघर. तेथील मंडळींची नाटके गावोगावी रात्रभर चालतात. आवाज नको म्हणून मी कॅमेरा मूक शटरवर ठेवला. पहाटे घरी येऊन पाहतो, तर नटांच्या चेहऱ्यांवर आडवे काळे पट्टे! साध्या एलईडी दिव्यांचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. तो डोळ्याला जाणवत नाही; पण मूक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने चित्र वाचतो आणि प्रत्येक चढउतार टिपतो. एका रात्रीची मेहनत वाया गेली. कर्जाचा हप्ता मात्र वेळेवर आला. जुना कॅमेरा कपाटातून काढून मी कितीदा तरी उगाच डोळ्याला लावला.

गेल्या वर्षी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील मावशी निवृत्त झाल्या. ज्यांच्या हातची भाजी-भाकरी खाऊन आपण वाढलो, त्यांच्या निरोपाचे फोटो काढण्याचे काम मी मागून घेतले. त्रिसरण-पंचशील झाले, भाषणे झाली. शेवटी मावशींनी कोठीघराची किल्ली नव्या ताईंच्या हाती दिली. मी कॅमेरा डोळ्याला लावला, तो आत काळोख. वीज वाचवण्यासाठी कॅमेरा झोपी गेला होता. तो जागा होईपर्यंत किल्ली हातातून हातात गेली होती.

‘मावशी, पुन्हा एकदा द्या,’ असे म्हणता आले असते. माझी जीभ रेटली नाही. मी कॅमेरा तसाच धरून उभा राहिलो. थोड्या वेळाने सारे चहाकडे वळले. मावशी एकट्या खांबापाशी थांबल्या आणि त्यांचा हात सवयीने कमरेकडे गेला, जिथे ती किल्ली वर्षानुवर्षे खोचलेली असे. दिवसाचा उजेड होता, पट्ट्यांचे भय नव्हते. मी मूक शटरने फोटो घेतला. जुना ‘खट्’ झाला असता, तर त्यांनी लगेच पदर सावरला असता आणि शाळेच्या समूहचित्रात उभ्या राहत तशा ताठ उभ्या राहिल्या असत्या.

फोटो चांगला आला, पण मन खात राहिले. आरसा वाजत असे, ती एक सूचना होती: तुमचे चित्र घेतले आहे. आता ती सूचना कॅमेरा देत नाही. ती फोटोग्राफरने स्वतः द्यायची असते. मी मावशींकडे गेलो आणि मागचा पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बराच वेळ पाहिले.

“हा कवा काढला रे बाबू? मले तर आवाजच नाही आला.”

“ठेवू का, मावशी? नको असेल तर आत्ता पुसतो.”

त्यांनी डोळे पुसले. “राहू दे,” म्हणाल्या. “पण आता एक नीट काढ, पदर घेते.”

तोही काढला. त्या वेळी मी शटरचा आवाज सुरू केला होता.