जागलीवर पाहिलेले दोन सिनेमे



आज पिकाची नोंद शेवटी देतो, आधी सिनेमाचं सांगतो. हसू नका, शेवटी गोष्ट वावरावरच येते.

सध्या लाईन रात्रीची आहे. हरभऱ्याला ओलित आणि रोही-डुकरांची जागल, दोन्ही सोबतच चालू आहे. आम्ही तिघं शेकोटीजवळ बसतो. मी, धुऱ्याला लागून वावर असलेले काकाजी (सत्तरीचे) आणि माझा पुतण्या, जो कृषी पदविका करतो. मोटर चालू झाली की पाळीपाळीनं पाणी फिरवायचं, मधल्या वेळात गप्पा. परवा पुतण्यानं मोबाईलवर ‘कास्ट अवे’ लावला. सन २००० चा इंग्रजी सिनेमा, टॉम हँक्सचा. कुरिअर कंपनीतला माणूस, घड्याळावर चालणारा. विमान समुद्रात पडते आणि हा एकटा एका बेटावर. चार वर्षं.

काकाजींना इंग्रजी येत नाही, पण काही अडलं नाही. बेटावर बोलणंच कमी आहे. तिथं असेपर्यंत सिनेमात संगीतही नाही, नुसता वारा आणि लाटा. जागल करणाऱ्याला हे लगेच समजते. रात्री दोन वाजता वावरात एवढाच आवाज असते.

मतं मात्र तिघांची तीन.

काकाजी म्हणाले, "नारळ सारे खाल्ले, एकही लावला नाई. कास्तकार असता त लावला असता."

पुतण्या म्हणाला, "काकाजी, उंच जातीच्या नारळाले फळ लागाले सहा-सात वर्षं लागते. तो चार वर्षांत निघाला."

"मंग मागून येणाऱ्याच्या कामी आला असता ना बाबू."

त्यावर आम्ही दोघं गप.

पुतण्याला आवडली त्याची नोंद. गुहेच्या भिंतीवर दिवस मोजले, ऊन कुठं पडते त्यावर महिने ओळखले आणि वारा कधी फिरते ते धरून तराफा बांधला. दोर किती लागेल आणि हातात दिवस किती, याचा हिशोब केला. मी या पेजवर पाऊस, फवारणी आणि वेचणी लिहून ठेवतो ते याच्यासाठीच. नोंद असली की वारा फिरायच्या आधी तयारी होते.

मला पटली पाण्याची गोष्ट. चारी बाजूनं समुद्र, आणि हा तहानेसाठी नारळ फोडते. एका लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. ते प्यालं तर मीठ बाहेर टाकायला शरीरातलंच पाणी जास्त खर्च होते. आपल्याकडं खोडाजवळ युरियाची मूठ जास्त पडली की ओल असूनही रोप सुकते, तसंच हे. मुळाबाहेर क्षार जास्त झाले की पाणी आत येत नाही, उलटं बाहेर जाते. नवीन कास्तकारानं हे ध्यानात ठेवावं.

दुसऱ्या रात्री ‘ट्रॅप्ड’ पाहिला. २०१७ चा हिंदी, विक्रमादित्य मोटवाने यांचा, राजकुमार राव आहे. यात बेट नाही, मुंबई आहे. घाईनं घेतलेला ३५ व्या मजल्यावरचा फ्लॅट, सारी इमारत रिकामी. दार लागते, किल्ली बाहेर. लाईट नाही, नळाला पाणी नाही, मोबाईल बंद. खाली गाड्या दिसतात, माणसं दिसतात, पण याची हाक कोणापर्यंत जात नाही. पावसाचं पाणी साठवते, शाकाहारी माणूस कबुतर खाते.

हा सिनेमा घरी सौ.नंही पाहिला. तिचं मत एकच. "बेटावरच्याचं मी समजू शकते. तिथं कोणी नव्हतंच. याच्या खाली त एवढी माणसं होती!"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आमच्या वावरातून रात्री नागपूर-अमरावती हायवेच्या गाड्यांचे दिवे दिसतात. रात्रभर दिसतात. इथून ओरडलं तर त्यातल्या एकाला ऐकू जाणार नाही.

आता खरी गोष्ट लिहितो. काकाजींना विचारून लिहितो. पहिल्या सिनेमाच्या शेवटी तो माणूस मित्राला सांगते की बेटावर त्यानं जीव द्यायचं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. मग त्यानं ठरवलं, श्वास घेत राहायचं. आणि एक दिवस लाटेनं शीड करायला पत्रा आणून टाकला. हे ऐकताना पुतण्या मराठीत सांगत होता. काकाजी उठले आणि लाकडं आणायला अंधारात गेले. लाकडं ढीगभर बाजूलाच होती.

त्यांचा लहान भाऊ बरीच वर्षं झाली असाच गेला. संत्र्याची बाग वाळली होती, कर्ज होतं. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्याला धुऱ्यावर भेटलो होतो. "काय भाऊ, बरं हाये?" मी विचारलं. तो "हाव" म्हणाला. मी पुढं गेलो. मला फवारणीची घाई होती.

काकाजी परत आले, बसले आणि म्हणाले, "त्याले लाटेनं पत्रा देल्ला. माह्या भावाले कोणं देल्ला?"

म्हणून श्वास घेत राहा, लाट काहीतरी आणेल, हे मला अर्धंच पटते. बेटावर बँकेचा हप्ता नसते. बोंडअळी नसते. वर्धा धरून विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज आलं होतं, तरी हा प्रश्न संपला नाही. पण अर्धं पटते तेही खरं. माणूस त्या रात्रीतून निघाला तर पुढं काही होऊ शकते. आणि रात्र काढायला कोणीतरी ऐकणारं लागते. बेटावरच्यानं तर चेंडूला चेहरा काढून त्याच्याशी बोलणं चालू ठेवलं. आपल्याजवळ जिवंत माणसं आहेत.

आम्ही तिघांनी एक ठरवलं. "बरं हाये?" विचारून पुढं जायचं नाही. धुऱ्यावर बसायचं, दहा मिनिटं. फवारणी दहा मिनिटांनं हुकत नाही. आणि रात्री कोणाचाही फोन आला तर उचलायचा. कोणाजवळ बोलवत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालते. मोबाईलमध्ये जतन करून ठेवा, स्वतःसाठी नसेल तर शेजाऱ्यासाठी.

आता पिकाची नोंद. तूर फुलावर, काही झाडांवर कोवळ्या शेंगा. घाटेअळीसाठी कामगंध सापळे लावले, रोज सकाळी पतंग मोजतो. पक्षी बसायला काड्या रोवल्या. कपाशीची दुसरी वेचणी चालू.

काकाजींनी काल धुऱ्यावर दोन आंब्याची कलमं लावली. मी म्हटलं, काकाजी, या वयात? म्हणाले, "मागून येणाऱ्याच्या कामी येईन."

तुम्ही हे सिनेमे पाहिले असतील तर तुमचं मत लिहा. नसतील पाहिले तर शेजारच्या वावरात चक्कर मारून या.