३१ मार्चपूर्वीची शांतता

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हा गावच्या शांततेचीही नोंदवही ठेवता येते आणि तिच्यावर इनाम मिळू शकते, ही कल्पना मला काहीशी मौजेची वाटली होती. परंतु पुढे नगर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवीत असताना याच मोहिमेवरील लघुसंशोधनासाठी अनुदानाचा अर्ज केला आणि तो मंजूर होऊन आला, त्या वेळी शांततेच्या अभ्यासाचीही वही तितकीच काटेकोर असते, हे ध्यानात आले. ग्रंथ, क्षेत्रकार्य व प्रवास, संकीर्ण अशी शीर्षे ठरलेली, एका शीर्षाची रक्कम दुसऱ्याकडे वळविण्यास मनाई, आणि ३१ मार्चपर्यंत खर्च न झालेली शिल्लक व्याजासह परत करण्याचे बंधन.

पाथर्डी तालुक्यातील एक जिरायती गाव मी निवडले. तेथील तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक होते. त्यांनी मोठ्या अगत्याने दप्तर पुढे ठेवले. अर्जदार, गैरअर्जदार, तंट्याचे स्वरूप (दिवाणी, महसुली, फौजदारी की इतर) आणि शेवटच्या रकान्यात, जवळजवळ प्रत्येक ओळीत, एकाच हस्ताक्षरात लिहिलेले ‘मिटला’. बांध कोरल्याचे, वहिवाटीची वाट अडविल्याचे, भावकीतील वाटपाचे तंटे पानोपानी होते. मात्र ज्या गावातील निम्मी घरे दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, त्या गावाच्या वहीत उचलीचा एकही तंटा नव्हता.

टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल हंगामभर राबून फेडावयाची, नवराबायको मिळून एक कोयता समजावयाचा, दुखण्याखुपण्याने खाडा पडला तर तो उचलीत धरावयाचा, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मुकादम सांगेल ती बाकी पुढल्या सालावर ओढावयाची, अशा व्यवहारात तंटा नसणे मला असंभवनीय वाटले. पण विचारावे कोणाला? दसऱ्यानंतर मिळालेल्या प्रवासखर्चात मी गावी जाई, तेव्हा दारांना कुलपे, ओट्यावर म्हातारी माणसे आणि पोरे. कार्यालयातील हिशेबनीस, माणूस खरोखर सद्भावी, ‘सर, बिले लावून टाका, मार्च जवळ आला,’ असा तगादा लावी. टोळ्या पाडव्याच्या आगेमागे परतल्या, तेव्हा क्षेत्रकार्याचे शीर्ष बंद झाले होते.

तरीही मी पदरच्या पैशाने गेलो. एका बाईने, ज्वारीची कणसे खुडता खुडता, प्रथम काही सांगण्याचे नाकारले व मग हात न थांबवता म्हटले, ‘सर, मुकादम आमच्याच भावकीतला. तंटा मांडला तर पुढल्या साली उचल कोण देईल?’ समितीच्या दृष्टीने या घरी शांतता होतीच, कारण अर्ज नव्हता. आणि अर्ज का नव्हता हे विचारण्याचा खर्च कोणत्याही शीर्षात बसत नव्हता.

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला सामाजिक विज्ञानांतील संशोधनाची मोठी परंपरा आहे, हे येथे आठवल्याखेरीज राहत नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी केली, तिचा अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी लिहिलेला अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला; विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याशीही गाडगिळांचा निकट संबंध होता, आणि १९६९ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच. पाणी, साखर आणि संशोधनाचे अनुदान ही तिन्ही सूत्रे एका विद्वानाच्या हाती एकत्र आली होती. त्या पाण्यावरचा ऊस तोडणारे मात्र बहुशः कालवा न पोहोचलेल्या मुलखातले, आणि त्यांचे साल दसऱ्याला सुरू होते, अनुदानाचे एप्रिलला. दोष कोणा एकाचा नव्हे. पण सामाजिक न्यायाच्या संशोधनाला पैसा देताना ज्यांच्या न्यायाचा विचार करावयाचा, ते घरी केव्हा असतात, एवढे तरी पाहण्यास हरकत नसावी.

अहवाल, विनियोग दाखला आणि शिल्लक रकमेचा धनाकर्ष मी मुदतीत सादर केला. लेखापरीक्षणात एकच आक्षेप निघाला: त्या बाईचा माझ्यापायी अर्धा रोज बुडाला म्हणून मी दिलेली मजुरी पुरवणी टिपणात नमूद होती, आणि तिची पावती नव्हती. ती रक्कम मागितलेलीच नाही, असा खुलासा केल्यावर आक्षेप निकाली निघाला. नव्या अर्जात मी क्षेत्रकार्याची मुदत पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत अशी लिहिली असून, ती वित्तीय वर्षाच्या भाषेत कळवावी, असे पत्र परवाच आले आहे.