वेदनेचे भाषांतर
जबलपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९५५ साली स्थापन झाले, तेव्हा प्रांताची राजधानी नागपूर होती. पुढल्याच वर्षी राज्यपुनर्रचनेने मराठी व हिंदी मुलूख विभागले. रुग्णाच्या भाषेचा प्रश्न मात्र त्या सीमेने सुटला नाही. आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव धारण करणाऱ्या या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसलो असता हे मला प्रकर्षाने जाणवले. आपण मराठीत कळ, ठणका, चमक, शूळ असा भेद करतो. केसपेपरावर बहुधा त्या साऱ्यांचे एकच ‘पेन’ होते. २०२२ साली राज्याने वैद्यकाच्या प्रथम वर्षाची पाठ्यपुस्तके हिंदीत आणली, हे स्वागतार्हच. परंतु मंडल्याकडील, केवळ गोंडी जाणणाऱ्या वृद्धेला हिंदीही परकीच. गोंडी तर द्राविड कुळातली. तिच्यासाठी नातू दुभाषा होतो. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी त्याच्याकडेही पाहावे. त्याच्या भाषांतरावर औषध ठरते.