शिफ्ट सोडली, पण गेमला कळलंच नाही



आमच्या मुलांना मराठी टायपिंग शिकवताना मी पहिला शब्द 'भुशी' देतो. गावाचं नाव, प्रत्येकाला येणारं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तो चार बटणांत होतो. इंग्रजी अक्षरांच्या भाषेत सांगायचं तर वाय, जी, एम आणि आर. त्यातली वाय आणि एम ही दोन शिफ्ट धरून दाबायची. शिफ्ट धरायची विसरलात तर 'भुशी'चं 'बुसी' होतं. आणि शिफ्ट सोडायची विसरलात तर 'भउशई'! वर्ग पोट धरून हसतो आणि धडा तिथेच पक्का होतो.

मुलांना मी सांगतो, शिफ्ट एकटी काहीच लिहीत नाही. ती शेजारच्याचं काम बदलते. क चा ख करते, ग चा घ, त चा थ, प चा फ. कंट्रोल आणि आल्ट हीही अशीच बटणं. बाकीची बटणं दाबून सोडायची असतात, ही धरून ठेवायची असतात. म्हणून त्यांच्याबाबत प्रश्न 'दाबलं का?' असा नसतो, 'आत्ता धरलेलं आहे का?' असा असतो.

हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे मी वर्षानुवर्षं शिकवत होतो. मला ते नीट कळलं मात्र एका मुलीला उगाच रागावल्यावर. तीच गोष्ट आज सांगतो.

गेल्या वर्षी संगणकाच्या तासाला मी मुलांसाठी एक छोटा गेम बनवला. जावास्क्रिप्टमध्ये, एकाच फाईलमध्ये. ब्राउझरमध्ये उघडली की चालू, नेट नसलं तरी चालतं. एक माकड भुशी धरणाच्या पायऱ्या चढतं. बाणाचं बटण दाबलं की एक पायरी. शिफ्ट धरून बाण दाबला की दोन पायऱ्यांची उडी. पण काही पायऱ्या शेवाळलेल्या, तिथे उडी पडली की माकड थेट पाण्यात. लोणावळ्याच्या मुलांना माकडंही नवी नाहीत आणि शेवाळही.

आतली रचना साधी होती. बटण खाली गेलं की ब्राउझर 'कीडाउन' नावाची वर्दी देतो आणि वर आलं की 'कीअप'ची. मी एक खूण ठेवली होती. शिफ्ट खाली गेल्याची वर्दी आली की खूण 'हो', वर आल्याची आली की 'नाही'. माकड उडी मारताना फक्त ही खूण बघायचं.

पहिली चूक मुलांनीच शोधली. एका पोराने दोन्ही हातांनी डावी आणि उजवी, अशा दोन्ही शिफ्ट धरल्या आणि मग एकच सोडली. दुसरी अजून धरलेली होती, तरी माकड एकेक पायरी चढायला लागलं. कारण शिफ्ट दोन आणि माझी खूण एक. मी दोघींना वेगळी खूण दिली. ब्राउझर त्यांना 'शिफ्टलेफ्ट' आणि 'शिफ्टराइट' अशी वेगळी नावं देतोच. दोघींपैकी एकही 'हो' असेल तर शिफ्ट धरलेली समजायची. झालं काम. मी खूश.

मग स्पर्धा घेतली. एक मुलगी, एरवी अगदी शांत, तिचं माकड सारखं पाण्यात पडायला लागलं. म्हणाली, "सर, मी शिफ्ट दाबलीच नाहीये. ते आपोआप उडी मारतंय."

मी तिच्या जागी बसलो. सवयीने आधी शिफ्ट दाबून सोडली, बाण दाबला. माकड शहाण्यासारखं एक पायरी चढलं.

"बघ, नीट चालतंय. बटण काय आपोआप दाबलं जातं का गं? हरलीस तर हरलीस म्हणावं, कारणं सांगू नयेत."

सगळा वर्ग हसला. ती काही बोलली नाही. पुढच्या तासापासून ती मागच्या संगणकावर बसायला लागली. मला वाटलं, रुसली असेल, येईल पुढे.

नंतर पावसाळा ओसरल्यावर आम्ही मुलांना घेऊन धरणाच्या रस्त्यावर प्लॅस्टिक गोळा करायला गेलो. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून रेल्वेने इंग्रजांच्या काळात बांधलेलं हे धरण. आज लोक त्याला पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यासाठी ओळखतात. गावच्या माणसाला मात्र त्या पाण्याची भीती ठाऊक असते. म्हणून मी यादी केली होती. मूल पायऱ्यांकडे गेलं की नावापुढे टिंब, परत आलं की टिंबावर काट.

निघताना एका टिंबावर काट नव्हती. हाका मारल्या, उत्तर नाही. दोन शिक्षक पायऱ्यांवर धावले, मी काठावरून पाण्याकडे बघत राहिलो. तोंडाला कोरड पडली होती. वीस मिनिटांनी एका पालकांचा फोन आला. पोरगा घरी जेवायला बसला होता. खालच्या रस्त्याने त्याचे मामा चालले होते, त्यांच्या गाडीवर बसून तो निघून गेला होता. आत गेल्याची वर्दी माझ्याकडे होती. बाहेर पडल्याची वर्दी माझ्यापर्यंत आलीच नव्हती. मूल घरी पोचलं होतं आणि माझी यादी त्याला अजून पाण्याजवळच धरून बसली होती.

रात्री झोप लागेना. यादी डोळ्यांसमोरून हलत नव्हती आणि एकदम मला ती मुलगी आठवली. उठून लॅपटॉप उघडला. स्पर्धेच्या मध्येच मी सगळ्यांना म्हटलं होतं, "गुणांची फाईल उघडा, आपले गुण लिहा." मी तेच करून पाहिलं. डाव्या हाताने शिफ्ट धरली, उजव्या हाताने माउसने दुसरी खिडकी उघडली, आणि मग शिफ्ट सोडली. परत गेममध्ये आलो. बाण दाबला. माकड दोन पायऱ्या उडालं आणि पाण्यात!

बटण सोडल्याची वर्दी ब्राउझर ज्या खिडकीत आपण असतो तिलाच देतो किंवा ज्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये गेलो तिकडे ती जाते. माझ्या गेमला ती मिळालीच नाही. त्याच्या लेखी शिफ्ट अजून खालीच. आणि तिच्या जागी बसल्यावर मी काय केलं होतं? आधी शिफ्ट दाबून सोडली होती. म्हणजे राहून गेलेली वर्दी मीच पोचवली होती. बिघाड माझ्या हातानेच पुसला आणि वर तिलाच खोटं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे सगळं मोठ्या पडद्यावर करून दाखवलं आणि म्हणालो, "त्या दिवशी ही खरं बोलत होती. चूक माझ्या गेमची होती, आणि तिचं न ऐकण्याची चूक माझी." शिक्षकाने वर्गासमोर माफी मागणं सोपं नसतं. पण वर्गासमोर रागावलो होतो, तर माफीही वर्गासमोरच हवी.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मागून तिचाच आवाज आला, "सर, मग खिडकी सोडून गेलं की सगळ्या खुणा 'नाही' करून टाका ना."

अगदी बरोबर उपाय! खिडकीवरून लक्ष गेलं की ब्राउझर 'ब्लर' नावाची वर्दी देतो. ती आली की सगळ्या खुणा पुसायच्या. दुसरा उपाय मी सांगितला. बाणाची वर्दी येते तेव्हा तिच्यासोबतच 'शिफ्टकी' नावाचं उत्तर येतं, या क्षणी शिफ्ट धरली आहे की नाही याचं. जुन्या खुणेवर विसंबण्याऐवजी तेच विचारायचं. आम्ही दोन्ही केलं. त्या दोन ओळी तिनेच पुढे येऊन टाइप केल्या.

पालकांसाठी एक सूचना. घरी विंडोज असेल आणि गेम खेळताना मुलाने शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली, तर 'स्टिकी कीज' चालू करू का, असं विचारणारी खिडकी येते. घाबरू नका, तो व्हायरस नाही. ज्यांना दोन बटणं एकदम धरता येत नाहीत त्यांच्यासाठी ती सोय आहे. शिफ्ट दाबून सोडली तरी ती पुढच्या बटणापर्यंत धरलेली मानली जाते. माझ्या गेममध्ये जो दोष होता, तसंच काहीसं इथे कुणाच्या तरी गरजेसाठी मुद्दाम केलेलं आहे.

तुमच्या वर्गातही हे करून बघा. एक मुलगा गेम, एक कीबोर्ड. कीबोर्डने "खाली", "वर" अशा वर्द्या द्यायच्या आणि गेमने वहीत खूण करायची. मध्येच गेमला दोन मिनिटं वर्गाबाहेर पाठवा. परत आल्यावर विचारा, शिफ्ट खाली की वर? तो वहीत बघून आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देईल. मग त्याला सांगा, वहीत नको बघू, कीबोर्डलाच विचार.

मीही आता तसंच करतो. सहलीला यादी असतेच, पण निघण्याआधी मुलांना ओळीत उभं करून डोकी मोजतो. आणि एखादं मूल "सर, आपोआप झालं" म्हणालं, तर त्याच्या जागी बसून बटणाला हात लावायच्या आधी विचारतो, "त्याच्या आधी काय काय केलंस, सांग बरं."