गालावरचा काळा डाग

प्राँगहॉर्न हा उत्तर अमेरिकेच्या गवताळ माळांवरचा प्राणी. दिसायला हरणासारखा असला, तरी काळवीट-चिंकाऱ्याच्या कुळाशी त्याचे जवळचे नाते नाही. अँटिलोकॅप्रिडी या कुळातला तो आज उरलेला एकमेव प्राणी आहे. सर्वाधिक संख्या वायोमिंग राज्यात, सेजब्रशच्या करड्या झुडपांनी भरलेल्या उघड्या मुलखात आढळते. तिथे त्याची शिकार कायदेशीर आहे; मात्र परवाना ठरावीक भागापुरता असतो आणि काही परवाने केवळ मादीसाठी किंवा पाडसासाठी दिले जातात. कळप किती वाढणार हे माद्यांच्या संख्येवर ठरते, म्हणून हा भेद केला जातो. नर की मादी हे चाप ओढण्याआधीच पक्के कळले पाहिजे, आणि या शिकारीतले खरे कसब तेच आहे.

नवखा माणूस आधी शिंगे पाहतो आणि तिथेच फसतो. प्राँगहॉर्नच्या बऱ्याच माद्यांनाही शिंगे असतात. काळवीट पाहून डोळा तयार झालेल्या मराठी माणसाला हे विचित्र वाटेल, कारण काळविटाच्या मादीला सहसा शिंगे नसतात. चिंकाऱ्याच्या मादीला मात्र लहान, बारीक शिंगे असतात, तेव्हा चिंकारा ओळखणाऱ्याला ही अडचण लगेच समजेल. (भारतात या दोन्ही प्राण्यांची शिकार 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे.) प्राँगहॉर्नच्या मादीची शिंगे सहसा बोटभर, पुष्कळदा वेडीवाकडी आणि फाटा नसलेली असतात. पूर्ण वाढलेल्या नराची शिंगे 30 सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब असतात. त्यांना पुढच्या बाजूला फाटा फुटतो आणि टोके मागे किंवा आत वळतात. कान साधारण 15 सेंटिमीटरचा, म्हणून लांबी कानाशी ताडून पाहतात. शिंग कानाच्या बरेच वर गेले तर बहुधा नर. कानापेक्षा आखूड असेल तर शंका कायम ठेवावी. वर्षभराच्या नराची शिंगे मादीच्या शिंगांइतकीच बेताची असू शकतात.

त्यातच प्राँगहॉर्न दरवर्षी शिंगाची खोळ टाकतो. आतला हाडाचा गाभा जागेवर राहतो आणि त्यावर नवी खोळ वाढू लागते. माजाचा काळ सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा. तो सरल्यावर, शरदाच्या अखेरीस, नरांच्या खोळी गळतात. त्या दिवसांत मादीच्या परवान्यावर निघालेल्या शिकाऱ्याला आखूड शिंगांचा थोराड नर सहज चकवतो. ऋतू जितका पुढे सरकलेला, तितका शिंगांवरचा भरवसा कमी करावा.

भरवसा गालावर ठेवावा. नराच्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर, ठसठशीत काळा डाग असतो. तिथे गंधग्रंथी असते आणि नर ती झुडपांवर घासून आपला वास ठेवतो. नाकापासून डोळ्यांकडे चढणारा काळा पट्टाही नराचाच. मादीचा चेहरा फिका, फारतर नाकाजवळ काळपट. खोळ गळली तरी हा डाग जात नाही. कोवळ्या नराचा डाग पुसट असतो, म्हणून त्याच्याबाबत अधिक वेळ थांबावे लागते. प्राणी समोरासमोर उभा असेल तर जबड्याचा कोपरा नीट दिसत नाही. त्याने मान वळवेपर्यंत दुर्बीण डोळ्यावरून हलवू नये. दुपारी तापलेल्या माळावरची हवा थरथरते आणि दूरचे सगळे डाग एकमेकांत मिसळतात. निवाड्यासाठी सकाळची वेळ उत्तम.

वागणूकही साक्ष देते. माजाच्या दिवसांत नर माद्यांना हाकून एकत्र ठेवतो आणि परक्या नराच्या अंगावर धावून जातो. जमीन हुंगून, पायाने उकरून तो आधी मुततो आणि लगेच त्याच जागी लेंड्या टाकतो. मादी मागचे पाय वाकवून, बसल्यासारखी होऊन मुतते. शेकडो मीटरांवरून दिसणारी ही लकब अनेकदा शिंगांपेक्षा खात्रीची ठरते.

एवढे पाहायचे तर जवळ जावे लागते, आणि जवळ जाणे कठीण. या प्राण्याचे डोळे मोठे, डोक्याच्या बाजूंना बसवलेले. माळावरची हालचाल त्याला फार लांबून कळते. पळायला लागला की वेग ताशी 80 किलोमीटरच्या वर जातो. शिकारी ओघळीत उतरून, वाकून, शेवटचा टप्पा पोटावर सरकत गाठतो. काटेरी तारेचे कुंपण प्राँगहॉर्न सहसा उडी मारून न ओलांडता खालून पार करतो, म्हणून तारेखालच्या झिजलेल्या वाटेजवळ दबा धरणेही फळते. कळपावर मात्र घाईने गोळी झाडू नये: निवडलेल्या मादीच्या मागे दुसरा प्राणी उभा असेल तर तीच गोळी त्यालाही लागते. कळप पांगून जनावर एकटे होईपर्यंत थांबणे, आणि झाले नाही तर तो दिवस सोडणे, हेच योग्य.

प्राणी पडल्यावरही लिंगाचा प्रश्न संपत नाही. अनेक राज्यांत जनावर सोलताना लिंगाची खूण धडाला लागलेलीच ठेवावी लागते, म्हणजे तपासणी करणाऱ्या वनरक्षकाला परवाना आणि शिकार जुळवून पाहता येते. बाकी काम झटपट उरकावे लागते. या प्राण्याचे केस पोकळ असतात व ऊब धरून ठेवतात, आणि हंगाम सुरू होताना दिवस गरम असतात. आतडी लगेच काढून, कातडे उतरवून मांस सावलीत थंड केले नाही तर ते खराब होते.